लॅपटॉपात बदलण्यासारखं काय होतं

स्टाफरूममधले किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. पेपर तपासताना, चहाची वाट बघताना ते आपोआप साठतात, आणि सांगताना हसू येतं की राग, ते त्या दिवशीच्या तब्येतीवर. मी इस्लामपुरात एका ज्युनिअर कॉलेजला मराठी शिकवते. आमच्याकडचे निम्मे किस्से एका म्हाताऱ्या लॅपटॉपचे आणि तो चालवणाऱ्या निकमचे.

निकम म्हसवडकडचा. आयटी शिकवायचा, तासाप्रमाणे पगार. 'पुढच्या वर्षी कायम करू' हे आश्वासन त्याला दर जूनला ताजं करून मिळायचं. लॅपटॉप कॉलेजचा, पण निकाल, ऑनलाइन फॉर्म, वेळापत्रक, सगळं निकमच्या गळ्यात. सकाळी बटण दाबून तो वर्गावर जायचा, तास संपवून यायचा, तरी पडद्यावरचं चक्र फिरतच असायचं.

एकदा त्यानं संस्थेच्या चेअरमनना, म्हणजे आबांना, गाठलं. आतली जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली तर लॅपटॉप पळेल, असं सांगितलं. आबा म्हणाले, "गाडी जुनी असली की डायवर चांगला लागतो. आन तू हायस की."

निकम खूश होऊन परत आला! मला त्याचाच जास्त राग आला.

*

मग 'लॅपटॉपात काय बदलावं' यावर मीटिंग झाली. आमचे हेडक्लार्क फौजेतून रिटायर झालेले, त्यांना सगळे सुभेदार म्हणतात. लाइट जाते म्हणून त्यांना बॅटरी हवी होती. केमिस्ट्रीच्या सरांना मॅच बघायला मोठा स्क्रीन हवा होता. निकम आपला एसएसडी आणि रॅमवर अडून बसला होता.

आबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि एक सुधारणा मंजूर केली. झाकणावर संस्थेचा स्टिकर, त्यात आबांचा फोटो. लॅपटॉप पूर्वीसारखाच रखडायचा, फक्त आता वरून आबा हसायचे.

*

शेवटी निकम स्वतःच लॅपटॉप घेऊन सांगलीला गेला. दुरुस्तीवाल्यानं सरळ सांगितलं, एसएसडी आणि रॅम टाका, पैसे वसूल होतील. बॅटरी हौस असेल तर घाला. प्रोसेसरच्या नादाला लागू नका, तो बोर्डालाच पक्का बसवलेला असतो, निघत नाही.

हे ऐकून सुभेदार म्हणाले, "म्हंजे आख्ख्या लॅपटॉपात परमनंट तेवढा त्योच. काम करू दे न्हाईतर न करू दे, काढता येत न्हाई."

आम्ही कायम असलेले सगळे चहाच्या कपात बघत बसलो. निकम मात्र पोट धरून हसला. एसएसडी आणि रॅम त्यानं स्वतःच्या खिशातून घातली होती, आणि लॅपटॉप खरंच पळायला लागला.

*

खंडेनवमीला आमच्याकडे प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकापासून शिपायाच्या घंटेपर्यंत सगळ्याची पूजा होते. त्या वर्षी आबा जातीनं हजर होते. त्यांनी लॅपटॉपवर हळद वाहिली, कुंकू वाहिलं. निकम झाकण मिटायला पुढं झाला, तोवर नारळ फुटला होता आणि आबांनी ओंजळभर पाणी कीबोर्डवर शिंपडलं होतं.

"देवाचं पाणी हाय, काय हुत न्हाई," आबा म्हणाले.

कीबोर्ड गेला. आठवडाभरानं आबांनी निकमला बोलावून, कॉलेजची वस्तू जपून वापरायची असते, अशी समज दिली. नवा कीबोर्ड निकमनंच घातला.

*

राहता राहिली बॅटरी. निकमचा हिशोब साधा होता: कायम होणार असू, तर बॅटरी घालण्यात अर्थ आहे. हे कुणाला विचारायचं? आबांना विचारून तो थकला होता. मग त्याच्या आईनं गावातल्या देवाला कौल लावला, पोरगं कायम होतंय का. देवानं उजवा कौल दिला, म्हणजे होकार.

दुसऱ्या दिवशी निकमनं सांगलीहून बॅटरी आणली. सुभेदारांनी त्याच्या हातावर साखर ठेवली. बॅटरीसाठी तेच तर पहिल्यापासून भांडत होते.

*

यंदा जूनमध्ये आबा ऑफिसात आले. निकमनं झाकण उघडलं, बटण दाबलं आणि आबांचा चष्मा नाकावर नीट बसायच्या आत लॅपटॉप चालू झाला. आबा बघतच राहिले. लाइट गेली, तरी लॅपटॉप चालूच. त्यांनी दोन-तीनदा बंद करून पुन्हा चालू करायला लावला.

"पळतुय की रं," ते म्हणाले. "आता कुणी बी चालवंल."

पुढच्याच आठवड्यात आबांचा भाचा रुजू झाला. कायम.

निकमचा निरोपसमारंभ स्टाफरूममध्येच झाला. त्यानं भाच्याला लॅपटॉप दिला, चार्जर दिला, पासवर्ड सांगितले. आबांनी भाषणात त्याच्या निष्ठेचं कौतुक केलं, आम्ही टाळ्या वाजवल्या. मग आबांनी स्वतःच्या हातानं त्याला शाल घातली आणि संस्थेतर्फे भेट दिली. भारीतली, आतून मऊ गादी असलेली लॅपटॉपची बॅग.

निकमनं ती उघडून बघितली. लॅपटॉपच्या कप्प्यात जेवणाचा डबा ठेवला, चेन लावली आणि म्हणाला, "येतो, आबा. म्हसवडची एसटी हाय."