काहील तेवढीच

ग्राफिक्स कार्ड मागायला आलेल्या प्रत्येकाला तो आधी एकच विचारायचा, "पावणं, मॉनिटर कुठला हाय?" गिऱ्हाइकाला याचा राग यायचा. मलाही आला. कोल्हापुरातल्या त्याच्या टीचभर दुकानात मी सगळ्यात भारी कार्ड घ्यायला गेलो होतो. गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळताना माझं डोकं दुखायचं आणि दोष कार्डाचाच, हे मी ठरवून टाकलं होतं.

त्यानं शोकेसमधल्या खोक्याला हातही लावला नाही. शटर ओढलं आणि माझ्या स्कूटरवर मागे बसून घरी आला. आमच्या अवजड मॉनिटरसमोर त्यानं बोटं पसरून पंजा हलवला. पाचाची दहा बोटं दिसली.

"कार्ड सेकंदाला शंभर चित्रं काढतंय, पडदा साठच दावतोय, वर लुकलुकतोय," तो म्हणाला. "उसाचा चरक केवढाबी आणा, गूळ रस उकळायच्या काहिलीत मावंल तेवढाच हुणार की."

मग सेटिंगमध्ये जाऊन त्यानं साठाचे पंच्याऐंशी केले. पडदा शांत झाला आणि माझं डोकंही. चहा पिऊन तो चालत परत गेला, मला स्कूटर काढू दिली नाही.

ते खोकं शोकेसमध्येच उन्हानं विटत गेलं. दोनेक वर्षांनी मला राहवेना. "अजून खपलं नाही?"

फुंकरीनं काचेवरची धूळ उडवत तो म्हणाला, "गिऱ्हाइकं येत्यात की. पर सगळ्यांच्या काहिली बारक्याच."