हेडफोनमधली शिट्टी

हेडफोनची किंमत एकोणतीस हजार नऊशे नव्वद होती आणि पसंत पडला नाही तर तो सात दिवसांत परत करता येत होता. हे दोन्ही आकडे मी पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवले. तेव्हा मला भीती होती ती फक्त मुलीचे पैसे वाया गेल्याची.

आमची पिठाची चक्की बीबी गावात आहे, घराला लागूनच. चक्की आणि मुलीची खोली यांच्यामध्ये नऊ इंचांची एक भिंत. मुलगी पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करते. तिच्या मीटिंगा सकाळी असतात आणि चक्कीवर डब्यांची रांगही सकाळीच लागते. तिला समोरच्याचं बोलणं धड ऐकू यायचं नाही, म्हणून तिनं हा बिनवायरचा, बाहेरचा आवाज मारणारा हेडफोन मागवला. बाहेरचा आवाज आत घ्यायचा, त्याच्या बरोबर उलटा आवाज तयार करायचा आणि दोघांची वजाबाकी करून कानाला शांतता द्यायची, असं त्याचं काम आहे, हे तिनं मला समजावून सांगितलं. वजाबाकी मला कळली. किंमत कळली नाही.

"माह्या पगारातून घेतला, बाबा. तुमाले एक रुपया नाही मागतला."

"नाही मागतला म्हणून का तो फुकट झाला?"

"मंग तुमीच वापरून पाहा. सात दिवस हायेत. तुमी म्हणसान तं परत करीन."

बायको पीठ चाळत होती. ती म्हणाली, "अवो, लेकीनं सोन्याचे झुमके घेतले असते तं काही बोलले नसते. कानालेच लावाचं घेतलं, तं लगेच वही काढली."

मी वही काढली हे खरं आहे. निकाल द्यायचा तर तपासून द्यावा, ही माझी सवय. पहिल्या दिवशी चक्की चालू ठेवली, अंगणात उभा राहून मुलीला फोन लावला आणि वीस आकडे सांगितले. तिनं खोलीत बसून ते लिहायचे. जुन्या वायरच्या हेडफोननं तेरा बरोबर आले, नव्यानं वीस. आकडे बदलून पुन्हा केलं. जुन्यानं चौदा, नव्यानं वीस. फरक खरा होता. तो एवढ्या किमतीचा होता का, ते ठरायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गर्दी ओसरल्यावर मी स्वतः खोलीत बसलो. बायकोला चक्की चालवता येते, तिला घरचा गहू लावायला सांगितलं. मुलीनं हेडफोन माझ्या कानावर नीट बसवला आणि बटण दाबलं.

चक्की गेली. दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाही. सव्वीस वर्षं मी ती चालवतो आहे आणि ती चालू असताना ऐकू येत नाही असं एकदाही झालेलं नव्हतं. मी भिंतीला हात लावला. भिंत थरथरत होती, पण आवाज नव्हता. वस्तू चांगली आहे, असं मनाशी म्हणालोही.

आणि मग त्या शांततेत डाव्या बाजूला शिट्टी ऐकू आली. बारीक, एकसुरी, न थांबणारी. जुने डब्यासारखे टीव्ही लावले की चित्र येण्याआधी असा आवाज यायचा.

मी हेडफोन काढला. "यात बिघाड आहे. डाव्या बाजूला शिट्टी वाजते."

मुलीनं तो लावला आणि डोळे मिटून ऐकलं. "नाही वाजत, बाबा."

चक्की बंद करून बायकोला बोलावलं. तिनं केस मागे सारून हेडफोन चढवला. "मले तं काहीच आयकू येत नाही. देवळात बसल्यावानी वाटून राह्यलं."

मी तो परत घेतला आणि उलटा लावला, डावी बाजू उजव्या कानावर. बिघाड हेडफोनमध्ये असता तर शिट्टी उजवीकडे गेली असती. ती डावीकडेच राहिली.

"असंल माहाच भ्रम," मी म्हणालो. त्या दिवशी वहीत काही लिहिलं नाही.

ही शिट्टी मला नवी नव्हती. चार वर्षं ती माझ्या ओळखीची होती, फक्त मी तिचा मालक दुसराच धरून चाललो होतो. घरामागे विजेची डीपी आहे, खांबावरचा ट्रान्सफॉर्मर. ती शिट्टी वाजवते, अशी माझी पक्की खात्री होती. वीज कार्यालयात मी तीन अर्ज दिले होते. तिन्हींच्या पोच माझ्याकडे फायलीत लावलेल्या आहेत. लाइनमन दोनदा येऊन गेला. दुसऱ्या वेळी तो खांबाला टेकून हसला होता. "भाऊ, डीपी गुणगुणते. शिट्टी वाजवाले ते का बसची कंडक्टर हाय?"

तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता लाइट गेली. मी घरामागे जाऊन डीपीच्या खाली उभा राहिलो. चक्क्या, मोटारी, पंखे, सगळं बंद. कुठंतरी शेरडू ओरडलं. आणि डाव्या कानात शिट्टी चालूच होती.

चार वर्षांत लाइट कितीदा गेली असेल? एकदाही मी इथं येऊन ऐकलं नव्हतं. दुसऱ्याचा डबा दोनदा वजन केल्याशिवाय न घेणारा माणूस मी, आणि एवढी साधी तपासणी केली नव्हती. आता वाटतं, मला ती करायचीच नव्हती.

कारण माझे वडील.

चक्की त्यांची. शेवटच्या वर्षांत ते ओरडून बोलायचे आणि गिऱ्हाइकं त्यांची नक्कल करायची. तेही हसायचे, कारण नक्कल त्यांना ऐकू येत नव्हती. दळताना ते नेहमी चक्कीच्या लोखंडी अंगावर डावा तळहात ठेवून उभे असत. गुडघे दुखत असतील म्हणून मी त्यांना एक स्टूल आणून दिलं होतं. ते कधी बसले नाहीत. एक दिवस त्यांची पाठ असताना मोटारीचा पट्टा घसरला. रांगेतली बाई तीनदा ओरडली, "बाबा, पट्टा!" मी अंगणात पोतं उतरवत होतो, मला तिन्ही वेळा ऐकू आलं. त्यांना एकदाही नाही. पट्ट्यात उजव्या हाताची दोन बोटं गेली. तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. मी एक्कावन्न वर्षांचा आहे.

चक्की कानानं चालते, हे बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. वरच्या पत्र्याच्या पेटीतलं धान्य संपत आलं की दगडांचा आवाज पातळ होतो. त्या क्षणी दगड सैल केले नाहीत तर दगडावर दगड घासतो, ठिणग्या उडतात, पिठात कच येते. मी हा आवाज अंगणातून, न्हाणीतून, रस्त्याच्या पलीकडून ओळखायचो. तिसऱ्या दिवसापासून मला त्याचा भरवसा वाटेना. मी पेटीत डोकावत उभा राहू लागलो. धान्य असतानाच दगड सैल करू लागलो. दोन डब्यांत पीठ जाडं पडलं. एका म्हाताऱ्या गिऱ्हाईक बाईनं चिमूट बोटांत चोळून माझ्याकडे पाहिलं.

"काऊन भाऊ, आज वाकून वाकून दळून राह्यले? आंधी तं चहा पेत पेत दळत होते."

रांगेतल्या बाया हसल्या. मीही हसलो. हसताना माझे वडील आठवले.

पाचव्या दिवशी, चक्कीसाठी नवा पट्टा पाहायला जातो असं घरी सांगून मी बुलढाण्याची बस धरली. मेहकरला बदलून चिखलीवरून. घरी खोटं बोलल्याचं वाईट वाटत होतं, पण खरं सांगायला त्याहून जास्त भीती वाटत होती. कंडक्टर मशीनवर तिकीट काढत पुढे येत होता. मशीनचं बटण दाबलं की टिक् असा आवाज येतो, की येत नाही? मला आठवेना. तो जवळ आला, बटण दाबलं, कागद बाहेर आला. मला काही ऐकू आलं नाही. शेजारच्या माणसाला विचारावंसं वाटलं. काय विचारणार होतो?

कानाच्या दवाखान्यात एका बंद खोलीत बसवतात. पुन्हा कानावर हेडफोन, हातात एक बटण. तपासणाऱ्या बाईंनी सांगितलं, "आवाज आला की दाबा. कितीही बारीक असला तरी. पण अंदाजानं दाबू नका."

सुरुवातीचे जाड आवाज सोपे गेले. मग ते बारीक होत गेले आणि माझी अडचण झाली. येणारा आवाज आणि माझ्या कानातली शिट्टी एकाच जातीची होती. आता वाजलं ते त्यांचं की माझं? काचेपलीकडे बाई मान खाली घालून बसल्या होत्या. दर चार-पाच सेकंदांनी दाबत राहिलो असतो तर कागदावर चांगले कान निघाले असते. मला तसं करावंसं वाटलं. बोट बटणावर होतं आणि घामानं घसरत होतं. पण खात्री नव्हती तिथं दाबलं नाही. खूप वेळ दाबलं नाही. इतका वेळ, की बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यानं मला निकाल कळला.

कागदावर दोन रेषा होत्या. दोन्ही सरळ चालत येऊन उजव्या टोकाला खाली पडल्या होत्या. डाव्या कानाची जास्त खोल. चक्कीपाशी उभं राहिलं की माझा डावा कान दगडांकडे असतो.

डॉक्टरांनी विचारलं, आवाजात किती वर्षं? मी सांगितलं, दिवसाचे सहा तास, वर्षाचे तीनशे दिवस, सव्वीस वर्षं, म्हणजे शेहेचाळीस हजार आठशे तास. त्यांनी तो आकडा कागदावर लिहून घेतला. एवढा हिशोब कोणी सांगत नसावं.

"शिट्टी जाईल?"

"बहुतेक नाही. सवय होईल. आहे तेवढं ऐकणं जपायचं, एवढं तुमच्या हातात आहे."

मी मुलीच्या हेडफोनचं विचारलं. ते म्हणाले, तो खोलीत बसून काम करायला ठीक आहे, यंत्रावर उभं राहायला नाही. त्यासाठी कारखान्यातले कामगार कानांवर घालतात ती जाड झाकणं घ्या, आणि चक्की चालू असेल तोवर काढू नका.

"झाकणं घातल्यावर दगडांचा आवाज कळंल का मले?"

त्यांनी खरं उत्तर दिलं, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. "ते मला सांगता येणार नाही. तुमची चक्की तुम्हालाच माहीत."

परतीच्या बसमध्ये मी हेच उलटंसुलटं करत होतो. कान उघडे ठेवले तर वडिलांसारखा बहिरा होणार. कान झाकले तर आजपासूनच बहिऱ्यासारखी चक्की चालवायची. पट्टा दोन्हीकडे होताच.

सहाव्या दिवशी दवाखान्याचा कागद वहीत दडवून ठेवला. सातव्या दिवशी सकाळी मुलगी खोका घेऊन समोर आली. "बाबा, आज शेवटचा दिवस. ठेवू का परत करू?"

मी तिच्या हातात तो कागद दिला. तिनं तो वाचला, आईला वाचून दाखवला आणि मग सगळं मलाच सांगावं लागलं. शिट्टी, डीपी, बुलढाणा, पट्ट्याचं खोटं.

बायकोनं कागद हातात घेतला. "चार वर्षं त्या लाइनमनले शिव्या देल्ल्या," ती म्हणाली. मग पदर तोंडाला लावून आत गेली.

"ठेव तो," मी मुलीला म्हणालो. "तुही खोली चक्कीले लागून हाय. माहे कान गेले, तुहे शाबूत हायेत."

"महाग हाय म्हणत होते ना तुमी?"

"महाग हायेच."

वहीत मी तसंच लिहिलं: किंमत जास्त आहे, परत करायचा नाही. माझ्या कानांवरच्या झाकणांना त्या किमतीचा विसावा हिस्साही लागला नाही. ती सव्वीस वर्षांपूर्वी मिळाली असती का, हे मी शोधलं नाही. शोधावंसं वाटत नाही.

झाकणं घालून पहिल्यांदा चक्की लावली ती घरच्या ज्वारीवर. गिऱ्हाइकाच्या डब्यावर प्रयोग करायची हिंमत नव्हती. पट्टा फिरताना दिसत होता, पण आवाज लांब, दुसऱ्या गल्लीत गेल्यासारखा. शिट्टी मात्र जवळ. ज्वारी किती उरली ते कळेना. तोल सावरावा तसा माझा डावा हात पुढे होऊन चक्कीच्या लोखंडी अंगावर पडला.

तळहाताखाली दगड फिरत होते. जाड, भरलेली थरथर. मी हात तसाच ठेवला. थोड्या वेळानं थरथर हलकी झाली, बारीक झाली. मी दगड सैल केले आणि पेटीत पाहिलं. ज्वारी तळाला लागली होती. वेळेत झालं होतं.

वडील कधी न बसलेलं ते स्टूल अजून कोपऱ्यात आहे; बसून हात चक्कीवर पोचला नसता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

दुसरा डबा ओतला आणि पुन्हा हात ठेवला. मान वर केली तेव्हा बायको दारात उभी होती. तिचं तोंड हलत होतं. एकदा, दोनदा, पुन्हा. मला काही ऐकू आलं नाही. मी आधी पट्ट्याकडे पाहिलं, मग माझ्या बोटांकडे, आणि मग तिच्या हातातल्या चहाच्या कपाकडे.