तांब्याची गोळी उमलत का नव्हती

टेबलाच्या मधोमध प्लास्टिकच्या पिशवीत एक गोळी ठेवली होती आणि तिच्याभोवती आम्ही सातजण गंभीर चेहऱ्याने बसलो होतो. गोळी तांब्याची, करंगळीच्या दीड पेराएवढी. पंधरा दिवसांपूर्वी ती एका रानडुकराच्या मागच्या पायाच्या हाडाशी सापडली होती. समोरून मारलेली गोळी अख्ख्या डुकरातून प्रवास करून तिथे पोचली होती आणि तरीही जवळजवळ कोरी दिसत होती. अडचण तीच होती. डुक्कर पडलं नाही. ते झुडपात शिरलं आणि त्याला शोधायला गेलेल्या कान्नो-सान या शिकाऱ्याच्या अंगावर आलं. कान्नो-सान मांडीला टाके घालून अजून हॉस्पिटलमध्ये पडून होते.

"तर आपुते-सान," टाउन ऑफिसचे एंदो-सान मला म्हणाले, "यात तांब्याची काय चूक आहे?"

माझं आडनाव आपटे. 'प्ट' हा जोड जपानी जिभेला जमत नाही. मी मेटलर्जिस्ट, म्हणजे धातूंचा अभ्यास करणारी. शिक्षण पुण्यात, पीएचडी सेंदाईत, आणि पुढे तिथल्याच लॅबमध्ये रिसर्चर. माझा विषय गाड्यांच्या वायरिंगमधल्या तांब्याच्या पट्ट्या. बंदूक मी तोवर बँकेच्या वॉचमनच्या खांद्यावरच पाहिली होती. आमच्या घरी अंड्यासाठीसुद्धा वेगळं पातेलं असायचं. पण टाउन ऑफिसच्या पत्रात 'तांबं' हा शब्द होता, तेवढ्यावर आमचे प्रोफेसर हिराता-सेन्सेई यांनी ते पत्र माझ्या टेबलावर ठेवलं.

भूकंपाला आणि त्यातल्या अणुभट्टीच्या अपघाताला तेव्हा काही वर्षं झाली होती. किरणोत्सर्गाच्या भीतीने इकडच्या रानडुकरांचं मांस विकायला बंदी होती. जे खाता येत नाही ते मारायला डोंगर कोण चढणार? शिकारी कमी झाले, डुकरं वाढली आणि भाताची खाचरं उकरू लागली. मग टाउन ऑफिसने स्थानिक शिकारी क्लबला विनंती केली. क्लबात अकरा सभासद, प्रमुख ओइकावा-सान, वय चौऱ्याहत्तर. त्या डुकरावर गोळी त्यांनीच झाडली होती. त्याच सुमारास ऑफिसने शिशाच्या गोळ्या बंद करून तांब्याच्या वापरायचं ठरवलं. शिशाचे तुकडे मेलेल्या जनावरात राहतात, ते गरुडांच्या पोटात जातात आणि गरुड मरतात. कारण चांगलं होतं. गरुडाचा फोटो असलेलं माहितीपत्रकही छापून झालं होतं.

म्हणजे एंदो-सानना रिपोर्ट हवा होता की तांबं उत्तम आहे. क्लबला रिपोर्ट हवा होता की तांबं कुचकामी आहे. हिराता-सेन्सेईंनी मला कॉरिडॉरमध्ये गाठून सांगितलं की निष्कर्ष शक्यतो गोल असू दे. गोल म्हणजे कोणालाच न टोचणारा.

थोडं काडतुसाबद्दल सांगते. त्याचे चार भाग. पितळेची नळी, म्हणजे केस. तिच्या बुडाशी प्रायमर, म्हणजे आपण दिवाळीत फोडतो त्या टिकलीची थोरली बहीण. आत दारू. आणि तोंडाशी बसवलेली गोळी. मॅग्नम म्हणजे मोठी केस, जास्त दारू, जास्त वेग आणि खांद्याला जास्त दणका. अनुभवी शिकारी काडतुसं विकत आणत नाहीत, परवाना काढून घरीच भरतात. प्रत्येक रायफलला आपापली दारू आणि गोळी मानवते, म्हणून ते बारीक काट्यावर दारू तोलून बसतात. याला हँडलोड म्हणतात. हे सगळं मी आईला फोनवर सांगितलं, तेव्हा 'चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि घरी बसून दारू मोजून भरतात' एवढंच तिला ऐकू गेलं. पुढचे चार फोन ती माझ्या ऑफिसातल्या संगतीची चौकशी करत होती.

तांब्याच्या गोळीच्या टोकाला भोक असतं. गोळी वेगाने शरीरात शिरली की आतलं पाणी त्या भोकात घुसतं आणि टोक पाकळ्यांसारखं उमलतं. उमललेली गोळी रुंद जखम करते, जनावर लगेच पडतं. शिसं मऊ असतं, ते कमी वेगातही पसरतं. तांबं तसं ऐकत नाही. त्याला वेग लागतो. पिशवीतली गोळी उमललीच नव्हती.

मी पहिला महिना तांब्यावर घालवला. गोळ्या उभ्या चिरल्या, पॉलिश केल्या, मायक्रोस्कोपखाली पाहिल्या, कडकपणा मोजला. तांबं निर्दोष होतं. गोळी कडक होती, पण ती तशीच बनवलेली होती. कंपनीच्या कागदावर लिहिलं होतं, 'खास मॅग्नमसाठी'. ओइकावा-सानची रायफलही मॅग्नमच होती.

मग शूटिंग रेंजवर टेस्ट ठरली. रेंजवर मांसाऐवजी जिलेटिनचे ठोकळे वापरतात. ते मी लॅबमध्ये दोन दिवस ढवळून बनवले. जिलेटिन डुकराच्या कातडीपासून बनतं हे मी पाकिटावर वाचलं, पण तोवर पातेलं भरलं होतं. भरलेल्या काडतुसाला मात्र कायद्याने मला हात लावता येत नव्हता. एंदो-सान मला दर दहा मिनिटांनी त्याची आठवण करून देत. गोळीची एक्सपर्ट दोन मीटर मागे, हात पाठीशी बांधून उभी.

ओइकावा-साननी पाच गोळ्या झाडल्या. पाचही सुंदर उमलल्या. क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र, भरपूर वेग दाखवत होता. एंदो-सान इतके खूश झाले की त्यांनी सगळ्यांना व्हेंडिंग मशीनमधून गरम कॉफी पाजली. त्यांच्या मते प्रश्न सुटला होता. तांबं पास.

माझ्या मते प्रश्न आता सुरू झाला होता. तीच रायफल, तीच गोळी, तोच माणूस. रेंजवर उमलते आणि डोंगरात उमलत नाही. अंतरामुळे वेग कमी पडला म्हणावं, तर डुक्कर पन्नास मीटरच्या आत होतं. आणखी एक गोष्ट मी पाहिली होती. चौथ्या गोळीनंतर ओइकावा-सान बराच वेळ बुटाची नाडी बांधत बसले. नाडी सुटलेली नव्हती.

काडतुसं कशी भरतात ते पाहायचं आहे, असं कारण सांगून मी पुढच्या आठवड्यात त्यांच्या घरी गेले. कारण खोटं नव्हतं. घरामागे त्यांची छोटी खोली होती, देवघरासारखी लखलखीत. त्यांनी काटा दाखवला, गोळी केसमध्ये दाबून बसवायचा प्रेस दाखवला, एक काडतूस माझ्यासमोर भरलं. हात स्थिर होते. दारूचा एक दाणा जास्त झाला तर चिमट्याने काढत होते. काम संपल्यावर त्यांनी ते कुलपाच्या कपाटात ठेवायला दार उघडलं. आत दोन डबे होते. दोन्हींवर ब्रशने, सुरेख अक्षरात एकेक कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षर, लिहिलेली. एकावर 'निशाणा', म्हणजे रेंजवरचं लक्ष्य. दुसऱ्यावर 'डोंगर'.

मी डब्यांकडे पाहिलं. त्यांनी मला पाहताना पाहिलं.

"तुम्हाला कांजी वाचता येतात," ते म्हणाले.

"थोड्या," मी म्हटलं.

त्यांनी कपाट बंद केलं, कुलूप लावलं आणि चहा करायला बसले.  मग कप माझ्यापुढे सरकवून त्यांनी सगळं सांगितलं, हवामान सांगावं तितक्या सपाट आवाजात. दोन वर्षांपूर्वी उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं. क्लबात त्यांनी सांगितलं की मुलीकडे ओसाकाला गेलो होतो. त्यानंतर मॅग्नमचा दणका सोसेना. मग डोंगरात न्यायच्या काडतुसांत ते दारू कमी घालू लागले. आधी थोडी, मग आणखी थोडी, शेवटी कंपनीच्या तक्त्यातल्या किमान आकड्याच्याही खाली. हेही धोक्याचं असतं. मोठ्या केसमध्ये फार कमी दारू असली तर ती नीट जळतेच असं नाही. शिशाची गोळी असेपर्यंत निभावलं, कारण शिसं कमी वेगातही पसरायचं. तांबं आलं आणि उघडं पडलं. त्यातून त्यांनी निवडलेली गोळी सगळ्यात जड आणि सगळ्यात कडक. मॅग्नमवाल्याला हलकी गोळी शोभत नाही म्हणून. रेंजवर मात्र लोक बघणार होते, म्हणून त्या दिवशी पूर्ण दारूची पाच काडतुसं आणि रात्री दोन वेदनाशामक गोळ्या.

मी विचारलं, मग साधी, लहान रायफल का घेत नाही? पन्नास मीटरवरच्या डुकराला मॅग्नम लागतेच कशाला?

"मी प्रमुख आहे," ते म्हणाले. याहून जास्त स्पष्टीकरण त्यांना सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला लागलंही नाही. आमच्या पुण्याच्या सोसायटीचे चेअरमन गुडघे गेल्यावरही दोन वर्षं लिफ्ट न वापरता जिने चढत होते.

"कान्नो-सानना माहीत आहे?" मी विचारलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. कान्नो-सान त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान, तीस वर्षांचा शिकारीतला जोडीदार. गोळी लागली तेव्हा ओइकावा-साननीच ओरडून सांगितलं होतं की मॅग्नम बसली आहे, जा, पडलं असेल. त्या भरवशावर तो माणूस झुडपात शिरला होता. हे सांगताना पहिल्यांदा त्यांचा आवाज हलला.

मी म्हटलं, "मला तांबं तपासायला सांगितलंय. खांदा मी रिपोर्टमध्ये लिहिणार नाही. पण हे टाके तांब्यामुळे पडले असं कान्नो-सान समजून बसलेत. ते तुम्ही त्यांना सांगायला हवं. आणि 'डोंगर'च्या डब्यातली काडतुसं मला रेंजवर हवीत."

चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला मी पहिल्यांदाच काही फर्मावत होते, आणि त्यात आदरार्थी क्रियापद चुकलं. नंतर ट्रेनमध्ये ते आठवून माझे कान गरम झाले. ओइकावा-साननी चूक काढली नाही. ते वाकून "हाय" म्हणाले, म्हणजे हो.

दुसरी टेस्ट झाली. 'डोंगर'ची गोळी जिलेटिनमधून सुईसारखी आरपार गेली आणि मागच्या वाळूत कोरीच्या कोरी सापडली. क्रोनोग्राफवरचा आकडा पाहून एंदो-साननी विचारलं, गोळी तीच ना? मी म्हटलं, तीच, फक्त वेग वेगळा. त्यांनी वहीत 'वेग' लिहून खाली दोन रेघा ओढल्या. वेग वेगळा का, हे त्यांनी विचारलं नाही. वीस वर्षं सरकारी नोकरीत काढलेल्या माणसाला काय विचारू नये ते बरोबर कळतं.

मग मी त्याच रायफलसाठी एक हलकी, रुंद भोकाची गोळी सुचवली. गोळी हलकी असली की तिला पुरेसा वेग देऊनही खांद्याला दणका कमी बसतो. ओइकावा-साननी या वेळी तक्ता समोर ठेवून काडतुसं भरली. सगळ्या गोळ्या उमलल्या, आणि झाडून झाल्यावर ते सरळ उभे राहिले. नाडीला हात लावला नाही.

रिपोर्टचं मुख्य वाक्य असं होतं: 'वापरणाऱ्याच्या परिस्थितीनुसार गोळीचं वजन आणि वेग यांचा मेळ घालणं इष्ट.' हिराता-सेन्सेई ते तीनदा वाचून म्हणाले की छान गोल झालंय. फक्त एका ठिकाणी मी 'अयोग्य' लिहिलं होतं, तिथे त्यांनी 'सुधारणेस वाव' केलं. एंदो-सान खूश, कारण तांबं निर्दोष ठरलं. क्लब खूश, कारण तांबं नखरेल आहे हे सिद्ध झालं.

जखम चिघळल्यामुळे कान्नो-सान अजून हॉस्पिटलमध्येच होते. तिथलं मला ओइकावा-साननी नंतर सांगितलं. ते संत्री घेऊन गेले आणि सगळं बोलले. कान्नो-साननी भिंतीकडे तोंड केलं. संत्री ठेवून हे परत आले. दुसऱ्या दिवशी गेले, तेव्हाही भिंतच. संत्री तशीच होती. तिसऱ्या दिवशी कान्नो-साननी भिंतीकडे बघतच विचारलं, दारू किती कमी घालत होतास? यांनी आकडा सांगितला. 

"मीही तेवढीच," कान्नो-सान म्हणाले. दणक्यांनी त्यांची मान कामातून गेली होती. चार वर्षांपूर्वीच.

शेवटची मीटिंग टाउन ऑफिसात झाली. थंडी होती, हीटर लावलेला, आणि बंद खोलीत दुखऱ्या स्नायूंवर चिकटवायच्या पट्ट्यांचा वास कोंदला होता. एंदो-साननी शिफारस वाचली: मॅग्नमधारकांनी हलकी गोळी किंवा लहान काडतुसाची रायफल यांचा विचार करावा.  मग कोपऱ्यातले एक आजोबा म्हणाले की आपल्याला वैयक्तिकरीत्या मॅग्नम सोडवत नाही, पण विद्यापीठाचा रिपोर्ट आहे, गरुडांचाही प्रश्न आहे, तेव्हा सहकार्य करायला हवं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. फॉर्म फिरला. अकरापैकी नऊ सह्या पडल्या. पहिली ओइकावा-सानची, दुसरी कुबडी टेकून आलेल्या कान्नो-सानची. खांदा, मान, कंबर हे शब्द कोणीही उच्चारले नाहीत. इतिवृत्तात 'पर्यावरणविषयक जागरूकता वाढली' अशी नोंद आहे.

त्या हिवाळ्यात डोंगरात कोणाला टाके पडले नाहीत. एका सकाळी ओइकावा-सान लॅबमध्ये आले आणि चार पाकळ्या उमललेली गोळी माझ्या टेबलावर ठेवून गेले. मी शाकाहारी आहे हे एंदो-साननी त्यांना सांगितलेलं असावं, कारण सोबत दोन मुळे होते, हाताएवढे लांब.

आता मी कावासाकी शहरात एका कंपनीत आहे. टेस्टिंगला सँपल आलं की फॉर्ममध्ये धातू, कडकपणा, तापमान, सगळ्याला रकाने आहेत. हे वापरतं कोण आणि त्याचं वय काय, याला रकाना नाही. मी ते फोन करून विचारते आणि समासात पेन्सिलीने लिहून ठेवते. अर्धी कामं तिथेच संपतात.