नरसाळ्याचा दोर

"जोड सुटला असता तर वरचा गोळा एकटा तरंगत आला असता की नाही? आला का? नाही आला. मग सुटला सुटला म्हणून वर्षभर बोंब कशाला मारलीस?"

"ताई, गोळा वाहून गेला असेल कुठंतरी. समुद्र आहे हा, न्हाणीघर नाही."

"तू तुझा विंच सांभाळ. दोराचं मला शिकवू नकोस."

एवढं बोलून दोरमावशी बोटीच्या कठड्याकडे वळली आणि सकाळी खाल्लेलं सगळं तिनं समुद्राला देऊन टाकलं. तोंड पुसलं आणि पुन्हा भावाकडे बघितलं. "आणि हसू नकोस."

धाकटा हसला नव्हता. धाकटा आपला म्हणण्यापुरता. मिशा कधीच पिकल्या होत्या त्याच्या. तो दोर ओढायच्या यंत्राचा, विंचचा, दांडा पुसायला लागला.

मावशीला बोट सोसत नाही हे अख्ख्या धक्क्याला ठाऊक. जन्म बोटींचे दोर जोडण्यात गेला, पण पाय जमिनीवर ठेवून. धक्क्यामागे तिची पत्र्याची शेड, तिथं ती आणि तिच्या दोन सुना कामाला बसायच्या. दोराला दोर जोडायचा म्हणजे गाठ मारायची नाही. गाठ दोराचा जोर खाते. दोन्ही टोकांचे पेड उसवायचे, लाकडी खुंटीनं वाट करत एकाचे पेड दुसऱ्याच्या पोटात विणत न्यायचे, म्हणजे ओढ बसेल तसा जोड आणखी आवळत जातो. मावशीचा जोड हातानं चाचपला तर नुकत्या जेवलेल्या सापासारखा लागायचा, मध्ये जरा फुगीर आणि दोन्हीकडे निमुळता.

समुद्राचा अभ्यास करणाऱ्या ऑफिसातल्या बाई एकदा शेडमध्ये आल्या त्या असल्याच दोरासाठी. कशाला हवाय, असं मावशीनं विचारलं, तेव्हा बाई सुतळीच्या गठ्ठ्यावर बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं.

वाऱ्याच्या महिन्यांत वारा किनाऱ्याजवळचं वरचं पाणी आत, खोल समुद्राकडे लोटतो. ती जागा मोकळी राहत नाही. खालचं गार पाणी वर येतं. खाली जे कुजलं, मुरलं, त्याचा सगळा कस त्या पाण्यात असतो. शेतात खत विस्कटावं तसा तो वर पसरतो, त्याला ऊन मिळतं आणि समुद्र हिरवा होतो. ती हिरवळ खायला बारीक जीव, त्यांच्यामागे मासे, माशांमागे बोटी. इथपर्यंत धक्क्यावर सगळ्यांनाच कळत होतं, कारण त्याच महिन्यांत जाळी फाटेस्तोवर मासा लागतो आणि मावशीला पाठ टेकायला उसंत मिळत नाही.

पुढचं मात्र कुणी ऐकलं नव्हतं. ही हिरवळ हवेतला, म्हणजे आपल्याच धुरातला कार्बन घेऊन वाढते. काही हिरवळ आपोआप मरते, काहीची खाणाऱ्यांच्या पोटातून विष्ठा होते, आणि ते सगळं पिठासारखं भुरभुरत खाली जातं. बरंचसं वाटेतच कुणी खातं, नाहीतर कुजतं. थोडंसं पार तळाला पोचतं, आणि तिथं गेलेला कार्बन पिढ्यान्पिढ्या हवेत परत येत नाही. उलट, ते गार पाणी वर येताना जुना कार्बनही सोबत आणतं. म्हणजे वर किती येतो आणि खाली किती जातो, हे दोन्ही बघायला हवं. वरचं मोजणं त्यातल्या त्यात सोपं. खालचं मोजायला बाईंनी नरसाळं आणलं होतं.

माणूस मावेल एवढं ते नरसाळं. त्याच्या बुडाशी बाटल्यांचं चक्र. एका बाटलीचे दिवस भरले की ती बंद होते, दुसरी तोंडाखाली येते. तळाला जड वजन, वर पाण्याखालीच ठेवलेला पिवळा हवेचा गोळा, आणि दोघांमध्ये उभा ताणलेला दोर, त्यावर नरसाळं. परत घ्यायचं तेव्हा बोटीवरून आवाजाची खूण द्यायची, वजनाची कडी उघडते आणि गोळा बाकीचं सगळं वर घेऊन येतो.

"म्हणजे समुद्राची शी गोळा करणार तुम्ही," मावशी म्हणाली.

"शीच. पण वर्षभराची."

"मग दोर चांगला लागेल."

व्यवहार तिथंच ठरला होता. काही वर्षं नरसाळं जात-येत राहिलं. गेल्या वर्षी ते आलंच नाही. वजन सोडलं, सगळे बघत बसले, पाण्यावर काही दिसलं नाही. विंचवर धाकटाच होता. ऑफिसात विचारलं तर म्हणाला, "जोड सुटला असणार. घाईत केला असेल बायकांनी." त्याच फेरीत मावशीच्याच दोरावर दुसरं नरसाळं सोडून झालं होतं, म्हणून ऑफिसनं ठरवलं, हे धड वर आलं तर ठीक, नाहीतर पुढच्या खेपेपासून कारखान्यातून लोखंडी पट्ट्यांनी जोडून आलेला दोर. ऑफिसचं काम गेलं असतं तर मावशी मेली नसती. पण बोटवालेही जोडाकडे दोनदा बघायला लागले होते. एकानं तर नवा जोड दगड बांधून ओढून पाहिला, तिच्या डोळ्यांदेखत. तेव्हा ती म्हणाली, आता मीच जाते.

"आई, तुम्हाला झोपाळा सोसत नाही," थोरली सून म्हणाली.

"झोपाळ्याला माझा दोर नाही."

ठिकाण आलं. बाईंनी आवाजाचं यंत्र पाण्यात सोडलं. खालून उत्तर आलं: कडी उघडली, वजन सुटलं. सगळे कठड्याला लागले. पाणी हिरवट, दाट, आणि त्यावर काही नाही.

"झालं," धाकटा पुटपुटला.

बाईंनी पुन्हा कान दिला. "उत्तर देतंय. अंतर कमी होत नाही. तळालाच पडलंय." मग कप्तानाकडे वळून म्हणाल्या, "आकडे टाकून ओढता येईल."

कप्तानानं आभाळाकडे बघितलं. "दुपारनंतर वारा धरेल. आकडे दगडात अडकले तर तारही जाईल. गेल्या वर्षीसारखं सोडून देऊ."

मावशी खाली बसली होती, तशीच बसून बोलली. "मला आतडं बाहेर पडेस्तोवर ओकारी होतेय, तरी मी थांबा म्हणते. तुम्हाला काय होतंय?"

कप्तानाला काही होत नव्हतं. त्यानं बोट वळवली.

लांब तारेला आकडे लावून बोट मोठा वळसा घालत सावकाश फिरली. पहिल्यांदा आकड्यांना नुसता चिखल आला. दुसऱ्या वळशाला तार ताठ झाली आणि विंच कण्हायला लागला.

"दगड," कप्तान म्हणाला.

"दगड असा हलत नाही," धाकटा म्हणाला. हाताला कळलं होतं त्याच्या.

पाण्यातून जे वर आलं ते दोरासारखं दिसतच नव्हतं. काळं, मांडीएवढं जाड, ठिबकणारं. शिंपले. एकावर एक, एकाच्या पाठीवर दुसरा, मध्ये शेवाळ. दोर कुठंतरी त्यांच्या पोटात होता.

"तुझा जोड कुठाय?" धाकट्यानं विचारलं.

"आत आहे. येईल आता."

"ताई, एवढं वजन धरून तो दोर बोटीवर घ्यायचा म्हणजे... सुटला तर सगळं गेलं."

"सुटला तर तू म्हणालास ते खरं. ओढ. पण सावकाश."

धाकट्यानं दांड्यावरची पकड बदलली. लाट बोट उचलायची तेव्हा तो दोर सैल द्यायचा, बोट खाली बसायची तेव्हा तेवढा गुंडाळून घ्यायचा. झटका एकही बसू दिला नाही. मनात आणलं असतं तर एका हिसक्यात त्याचं वर्षभराचं बोलणं खरं झालं असतं. घामानं त्याची पाठ भिजली. मावशीची ओकारी कुठं गेली तिलाच कळलं नाही.

गोळा आला तेव्हा पिवळा रंग नखाएवढाही दिसत नव्हता. डेकवर आदळला आणि त्याच्यावरून खेकडे चारी दिशांना पळाले. बाई गुडघ्यावर बसून शिंपले खरवडायला लागल्या.

"यंदा गार पाणी लवकर वर आलं, भरपूर आलं," त्या म्हणाल्या. "एवढं पिकलं की गोळ्यावरच वस्ती झाली. त्या ओझ्यानं सगळं खाली बसलं. गोळा मी उजेडात ठेवला, माझी चूक. आणखी खाली, अंधारात बांधायला हवा."

नरसाळं आलं. बाटल्या निघाल्या. सुरुवातीच्या बाटल्यांत बुडाशी राखेसारखी चिमूटभर धूळ. मग वाऱ्याच्या दिवसांच्या, हिरवट तपकिरी, दाट, एक तर गळ्यापर्यंत. त्यानंतरच्या सगळ्या चिखलाच्या, कारण तोवर नरसाळं आडवं पडलं होतं. बाईंनी त्या बाजूला सारल्या. भरलेली बाटली हातात धरून मावशीनं हलवली.

"एवढंच जातं खाली? अख्खा समुद्र हिरवा होऊन?"

"एवढंच. म्हणून तर मोजायचं."

मावशीनं चाकू घेतला आणि दोर सोलायला बसली. जोड निघाला. धरलेला होता. ती तो बोटांनी चाचपत गेली आणि एका जागी थांबली. मग भावाला हाक मारली.

"बघ. एक पेड बोटभर सरकलाय."

धाकट्यानं वाकून बघितलं. "धरला तर आहे."

"धरलाय. पण सरकलाय. लपवायचं कशाला?" तिनं चाकू मांडीला पुसला. "गेल्या वर्षीचंही असंच खाली पडलं असेल. तू सुटला म्हणालास, म्हणून कुणी आकडे टाकले नाहीत."

धाकटा बराच वेळ विंचवरचं शेवाळ काढत होता. तिथून काढण्यासारखं फारसं काही नव्हतं. "जागा ठाऊक आहे मला," तो शेवटी म्हणाला. "हे नरसाळं परत सोडलं की तिकडं वळसा घालू."

"वारा धरेल," कप्तान म्हणाला.

"धरू दे."

नरसाळं त्याच दिवशी परत जायचं होतं. मावशीनं दोराच्या वेटोळ्यात बूड टेकलं, पाय कठड्याला रोवले, सरकलेला जोड कापून काढला आणि पेड उसवले. या खेपेला पेड आणखी आतवर न्यायचे होते. बोट डोलली, दोराचं टोक निसटलं.

"इकडं ये," ती भावाला म्हणाली. "टोक धर. घट्ट. माझ्या तोंडाकडे काय बघतोस, दोराकडे बघ."

त्यानं धरलं. तिनं खुंटी दोराच्या पोटात घातली आणि पहिला पेड आत ओढला.