जोडीतली एक

"जोडी मोडली. उद्या खोली रिकामी करायची," बागवाले काका म्हणाले आणि सुपारी कातरत बसले.

समोर सरिता उभी. तिचा नवरा आंब्याच्या कलमावरून पडला, मांडीचं हाड मोडलं. त्याचा भाऊ त्याला नेपाळला घेऊन गेला. सरिता मागे राहिली, कारण घरात कमावणारं आता तीच.

मी मजूर संघटनेची फुलटाइम कार्यकर्ती. म्हणजे पत्रकं वाटायची, आणि उरलेल्या वेळात अशा अंगणांत उभं राहायचं.

जोडी म्हणजे काय, ते सांगते. रत्नागिरीत हापूसच्या बागा राखायला नेपाळी नवरा-बायको एकत्र ठेवतात. वानर हाकणं, फवारणीचं पाणी ओढणं, पेट्या भरणं, सगळं दोघं करतात. खोली एक, पगार एक, तोही नवऱ्याच्या हातात.

"काका, ती काम करत नव्हती?"

"करते ना! नवऱ्यापेक्षा बरं करते. पण मी तिला ठेवली कुठे गो? मी जोडी ठेवली."

माझं डोकं फिरलं. पिशवीतलं पत्रक काढून मी मोठ्याने वाचलं, 'आधी माणूस, मग बाग, मग बाजार.'

"वाक्य चांगलं आहे," काका म्हणाले. "वानरांना वाचून दाखव."

मी ऑफिसला फोन लावला. आमच्या सेक्रेटरींनी विचारलं, "मेंबर कोण?"

"नवरा."

"मग तिची केस आपण कशी घेणार?"

आम्हीसुद्धा जोडीमागे मेंबर एकच करतो. भांडायला आले होते काकांशी. आता दोन ठिकाणी भांडायचं होतं. मी पायरीवर बसले.

काकाही कंटाळले असावेत. "एकटीला बागेत ठेवणार नाय. काही झालं तर माझ्या गळ्यात. दुसरं कोण असेल तर आण."

"बहीण आहे," सरिता पहिल्यांदाच बोलली. "सावर्ड्याला हॉटेलात भांडी घासते. येईल."

"दोन बायका? ही कसली जोडी?"

"शेठ, वानर विचारतं काय?" सरिता म्हणाली.

काका हसले. खोली वाचली.

बहीण आली. पगार अजून एकच आहे, फक्त सरिताच्या हातात येतो. ऑफिसात मी दोघींना वेगवेगळं मेंबर करून घेतलं, त्यासाठी तीन मीटिंगा झाल्या. काका येणाऱ्या-जाणाऱ्याला अजून "माझी जोडी" म्हणूनच दाखवतात.

एक बाई म्हणजे एक अख्खं माणूस. एवढं पटवायला मला दुसरी बाई आणावी लागली, आणि तरी ते पटलेलं नाहीच.