पालखीसाठी वळलेल्या वाती

आमच्या महाडच्या घरात धान्यापेक्षा पत्रकं जास्त. वडील ती पडवीत बसून मोठ्यानं वाचत, बालविवाहावरची, सोवळ्यावरची, तळ्याच्या पाण्यावरची, आणि मी ती ऐकतच वाढले. संततिनियमनाचं पत्रक तेवढं त्यांनी मनात वाचलं आणि न बोलता माझ्यापुढे सरकवलं.

थोरली बहीण तेव्हा आमच्याकडेच होती. तिचं सासर पोलादपूरच्या वर डोंगरातल्या वाडीत. चौथ्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली होती. पुन्हा दिवस राहिले तर हिची खात्री देत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नवरा मुंबईला गिरणीत, शिमग्याला रजेवर यायचा. तो परत जाईपर्यंत तिला माहेरीच ठेवायचं, हे वडिलांनीच ठरवलं.

शिमगा तोंडावर आला आणि तिचा दीर तिला न्यायला हजर.

"देवीची पालखी दारात यायची हाय. आई विधवा. वैनी नाय तर ओटी कोन भरनार?"

"शेजारची सवाष्ण भरेल," मी म्हटलं.

"आमच्या दारात दुसऱ्याची सून? गावात तोंड कसं दाखवू?"

लोकांना भिऊ नका, असं रोज वाचणारे माझे वडील म्हणाले, "एका दिवसाचा तर प्रश्न. पालखी गेली की परत ये."

मी चिडून बहिणीला आत नेलं. पत्रकातला उपाय समजावला: तेलात भिजवलेला कापसाचा बोळा, कधी आणि कसा ठेवायचा. "लग्न न झालेली पोर तू, मला शिकवतेस!" ती लाजून म्हणाली. तरी मी गाठोड्यात कापूस आणि तेलाची बाटली बांधलीच.

ती परतली थेट वैशाखात, उलट्या करत.

"आणि कापूस?"

"सासूनं गाठोडं सोडलं. म्हणाली, व्याह्यांना देवीची केवढी याद हाय! सगळ्याच्या वाती वळल्या गं. तेल समईत गेलं."

"आणि तू गप्प बसलीस?"

"मग काय सांगू? हा कशासाठी आहे ते?"

मला तिचा राग आला, वडिलांचा आला, पत्रक लिहिणाऱ्याचाही आला. एकाच खोलीत सासूच्या उशाशी निजणारी बाई त्याला कधी दिसलीच नव्हती. बाहेर वडील नवं पत्रक वाचत होते, मोठ्यानं.

"त्या तुझ्या कागदात बघ ना," बहीण हळूच म्हणाली, "आता काय करायचं ते लिहिलंय का?"

मी पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं. त्यात सगळं आधी काय करायचं तेवढंच होतं.