देवजीच्या ताटातलं अळू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही, आणि तिच्यापासून तर माझी तंबाखूची पुडीही लपत नाही. तुम्हाला सांगतो. नुसतं ऐका.

मी शिक्षक होतो, आता निवृत्त. सुरतेत, गोडादऱ्यात राहतो, सुखात आहे — खोटं कशाला बोलू? ते दोनदा बोलून झालंय.

टीव्हीवर मंत्री देवजीभाऊ दिसतात ना, डोंगराकडचे आदिवासी पुढारी? सुरतेला कॉलेजात शिकत असताना ते माझ्या खोलीत राहायचे; मी तेव्हा शाळेत मास्तर. तेव्हा नुसता देवजी. स्वयंपाक माझ्याकडे, भांडी त्याच्याकडे. त्याच्या लोकांचा एक नेम — पावसाळ्यातलं नवं अळू गावच्या सणाला देवापुढे ठेवल्याशिवाय तोंडात घालायचं नाही. सण होईपर्यंत हा ताटातलं प्रत्येक हिरवं पान उचलून बघायचा. मला असा राग यायचा! मी गुरुजी, आणि हा माझं जेवण तपासणार?

सणाआधीच एका दुपारी बाजारातून पातरां आणली — म्हणजे आपलं अळूच. बारीक चिरलं, चिंच टाकली, डाळीत घोटून टाकलं. त्यानं विचारलं, "गुरुजी, पालक ना?"

"पालकच रे बाबा, जेव की!"

त्यानं दोनदा वाढून घेतली. आणि मी? मला हसू आवरेना. म्हटलं, बघू तरी याचा देव काय करतो ते!

देवानं काही केलं नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी देवजी पहिल्यांदा निवडणुकीला उभा राहिला, तेव्हा गावात कुजबुज उठली — सुरतेला जाऊन हा बाटला, वाट्टेल ते खातो. पंचांनी त्याला बोलावलं, तो मलाही सोबत घेऊन गेला. नेम कधी मोडला नाही, अशी त्यानं तांदळाच्या राशीवर हात ठेवून शपथ घेतली. मग माझ्याकडे वळला — विचारा गुरुजींना, यांच्याच हातचं जेवलोय मी.

सांगता आलं नसतं का? 'याचा दोष नाही, मी फसवलं' — एवढंच तर म्हणायचं होतं. पण त्या अंगणात सगळे मला वाकून नमस्कार करत होते हो... मीही राशीवर हात ठेवला. म्हणालो, कधीच नाही. त्याची निवडणूक वाचवायला नव्हे, बरं का — स्वतःची अब्रू वाचवायला.

तो निवडून आला, पुढे मंत्री झाला. काम चोख करतो, माझी छाती फुगते. भाषणात अजून सांगतो — सुरतेत माझा नेम गुरुजींनी सांभाळला. लोक टाळ्या वाजवतात. मी पहिल्या रांगेत बसलेला असतो.

सण झाला की गावाकडून अळूची पहिली जुडी माझ्या घरी येते, त्याच्या बंगल्यावर नंतर. तसा त्याचा हुकूमच आहे. यंदाही आली. बायकोनं चिंच घालून डाळ केली.

मी दोनदा वाढून घेतली.